पोलीस बिघडले आणि खेळ जमला

ज्या खेळावर ‘पोरांना गाड्या चोरायला शिकवतो’ असा शिक्का बसला, तो मुळात पोलिसांचाही खेळ होता. १९९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन नावाच्या कंपनीने एका गेमचा आराखडा लिहिला. नाव ‘रेस अँड चेस’. कल्पना सरळ होती: हवं तर पोलीस व्हा, हवं तर चोर, आणि शहरभर पाठलाग करा. कागदावर झकास, पडद्यावर रटाळ. गुंडाळून टाकावा अशी भाषा सुरू झाली आणि तेवढ्यात संगणकाच्या पोलिसांचं डोकं फिरलं. प्रोग्रॅममधल्या गडबडीमुळे त्यांच्या गाड्या खेळाडूला अडवायचं सोडून थेट त्याच्या अंगावर घुसायला लागल्या. चूक दुरुस्त करायची ते राहिलंच, कंपनीतली मंडळी तीच आवृत्ती खेळत बसली. पोलीस व्हायचा पर्याय गेला, चोर उरला आणि १९९७ च्या अखेरीस गेम बाजारात आला तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या नावाने.

हीच डीएमए पुढे रॉकस्टार नॉर्थ झाली आणि न्यूयॉर्कच्या रॉकस्टार गेम्सचा कणा बनली. जीटीए, रेड डेड, मॅक्स पेन, बुली. नुसती नावं घेतली तरी एका अख्ख्या पिढीची बोटं शिवशिवतात. या कंपनीचे गेम वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला एक गोष्ट हळूहळू कळते. त्यांनी घाम गाळून, आराखडे आखून केलेलं आपण कौतुकाने बघतो आणि विसरतो. चुकून निसटलेलं, घाईत चिकटवलेलं, कुणाच्या तरी खोडीतून आलेलं मात्र मित्रांना सांगत बसतो. म्हणून आज मोठ्या गोष्टी कमी आणि निसटलेल्या जास्त.

घड्याळवाल्यांचा मुलगा

डीएमएचा संस्थापक डेव्हिड जोन्स डंडीच्या टायमेक्स कारखान्यात उमेदवारी करत होता. टायमेक्स म्हणजे घड्याळवाली कंपनी खरी, पण ऐंशीच्या दशकात त्या कारखान्यात झेडएक्स स्पेक्ट्रम हे घरगुती संगणकही बनत. नोकरी सुटली, हातात भरपाईची रक्कम पडली, आणि पठ्ठ्याने त्यातून अमिगा संगणक घेतला.

कंपनीला पहिलं मोठं यश दिलं ‘लेमिंग्ज’ने, १९९१ मध्ये. हिरव्या केसांचे, निळ्या झग्यातले इवलेसे जीव रांगेने मरायला निघालेले आणि त्यांना वाचवायची जबाबदारी आपली. त्याचा जन्मही असाच, एका चढाओढीतून. माइक डेली या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत चालणारी आकृती बसवून दाखवली, ती बघून दुसरा म्हणाला, यात गेम आहे. पहिल्या दिवशी ५५ हजार प्रती विकल्या गेल्या. आज डंडीत लेमिंग्जचे पुतळे आहेत. कॉम्प्युटर गेममधली पदवी देणारं जगातलं पहिलं विद्यापीठ म्हणून ज्याचं नाव घेतात ते ॲबर्टेही याच गावात. एका अमिगाने गावाला धंदा लावला म्हणायचा.

शिव्या मागवून घेतल्या

पहिला जीटीए दिसायला काही खास नव्हता. वरून दिसणारं शहर, मुंगीएवढी माणसं, काडेपेटीएवढ्या गाड्या. तो विकायचा कसा? प्रकाशकांनी मॅक्स क्लिफर्ड या ब्रिटनमधल्या नामचीन प्रसिद्धीतज्ज्ञाला हाताशी धरलं. त्याने शोधलेला उपाय बेरकी होता: गेमची स्तुती नको, निंदा होऊ दे. वर्तमानपत्रांच्या आणि राजकारण्यांच्या कानावर ‘हे बघा काय येतंय’ असं घातलं गेलं. मे १९९७ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल ऑफ क्रॉय यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या गेमचा विषय काढला. गेम बाजारात यायला तेव्हा महिने बाकी होते. ज्या सभागृहात कायदे होतात तिथे फुकटात जाहिरात! पुढची पंचवीस वर्षं रॉकस्टारला हा शाप लाभला की वर, हे ज्याचं त्याने ठरवावं. विक्रीचे आकडे बघता मला तरी वरच वाटतो.

त्या पहिल्या गेममध्ये आपल्या ओळखीचं एक दृश्य आहे. भगव्या वस्त्रांतले हरे कृष्ण भक्त रांगेने शहरातून चालत असतात आणि अख्खी रांग गाडीखाली घेतली तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘गौरांगा!’ उमटतं, वर जादा गुण. त्या काळात ब्रिटनमध्ये महामार्गांवरच्या पुलांवर हा शब्द रंगवलेला दिसायचा, तिथून तो गेममध्ये शिरला. विनोद असभ्य आहे, पण त्यांना सगळेच सारखे. जीटीए २ मध्ये भक्तांच्या जागी एल्विस प्रेस्लीच्या नकला करणाऱ्यांची रांग आली.

आणखी एक निसटती गोष्ट. सहाव्या जीटीएची नायिका लुसिया हिचा ‘मालिकेतली पहिली स्त्री नायक’ असा गाजावाजा होतो. पहिल्या जीटीएच्या पीसी आवृत्तीत आठ पात्रांमधून आपलं पात्र निवडता यायचं आणि त्यांतल्या चार बायका होत्या. मुंगीएवढ्या का असेनात.

चंद्रावर गोळी झाडा

१९९८ मध्ये टेक-टू या अमेरिकी कंपनीने जीटीएचा प्रकाशक विकत घेतला आणि त्याच डिसेंबरात रॉकस्टार गेम्स स्थापन झाली. सूत्रं सॅम आणि डॅन हाउजर या लंडनच्या भावांकडे. वडील लंडनच्या प्रसिद्ध रॉनी स्कॉट्स जॅझ क्लबचे भागीदार, आई सिनेनटी. या गेममधला रेडिओ इतका फर्मास का आणि सगळं सिनेमासारखं का, याचं उत्तर बहुधा त्या घरात असावं.

ऑक्टोबर २००१ मध्ये जीटीए ३ आला आणि वरून दिसणारं शहर एकदम डोळ्यांच्या पातळीवर आलं. शहर न्यूयॉर्कवर बेतलेलं होतं आणि गेम यायच्या काही आठवडे आधी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. तारीख पुढे गेली, काही भाग वगळले, पोलिसांच्या गाड्यांचा न्यूयॉर्कसारखा रंगही बदलला.

आता चंद्र. जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास, तिन्हींमध्ये रात्री स्नायपर रायफल काढून चंद्रावर गोळी झाडली की चंद्राचा आकार बदलतो. लहान, मध्यम, मोठा, पुन्हा लहान. वर्षानुवर्षं चाहत्यांनी यावर तर्क लढवले. अखेर त्या वेळचे तांत्रिक प्रमुख ओबे फर्मे यांनी २०२४ मध्ये खुलासा केला. चित्रकारांपैकी कुणाला चंद्र खरा वाटेल असा छोटा हवा होता, कुणाला सिनेमातल्यासारखा मोठा. त्यांचं एकमत होईना, म्हणून फर्मे यांनी खेळता खेळता आकार बदलून बघता यावा अशी सोय केली: बंदूक रोखा आणि ठरवा. निर्णय कधी कळवला गेला नाही, सोय तशीच राहिली. घरोघरी न मिटलेले वाद असतात. हा जगभर कोट्यवधी प्रतींत गेला.

फर्मे यांच्याकडे अशा गोष्टींचं भांडार आहे. प्लेस्टेशन २ ची स्मृती होती ३२ मेगाबाइट. आज मोबाईलवरचे दहा-बारा फोटो तेवढी जागा खातात. अख्खं शहर तिच्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून आपण पुढे जाऊ तसतसे पुढचे रस्ते डिस्कवरून उचलले जायचे. आपण फार वेगात गेलो तर डिस्क मागे पडायची. मग उपाय काय? अशा ठिकाणी आपल्या गाडीला हवेचा विरोध गुपचूप थोडासा वाढवायचा. म्हणजे तुमची गाडी त्या पट्ट्यात कुथत होती ती भासाने नव्हे. आणि आपण एखादी दुर्मीळ गाडी मिळवली की अचानक रस्त्यावर सगळीकडे तशाच गाड्या का दिसतात, त्याचं कारणही हेच: एका वेळी मोजक्याच गाड्यांचे नमुने स्मृतीत मावत. आपली गाडी त्यात असणारच, मग तीच सगळ्यांना वाटली जायची.

व्हाइस सिटी, आणि आपण

आता आपला विषय. जीटीएचा कुठला भाग महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाडीमांशी खिळला असेल तर तो व्हाइस सिटी. ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशनवर आणि २००३ मध्ये पीसीवर आला. प्लेस्टेशन होतं कुणाकडे? पीसी मात्र काकांकडे, वर्गमित्राच्या दादाकडे किंवा तासाच्या भाड्यावर सायबर कॅफेत होता. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथपासून तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत एकच सीडी हातोहात फिरत गेली. बहुतेकांनी जे खेळलं ते आकार कमी करण्यासाठी छाटलेलं होतं: रेडिओ गायब, मधले संवाद गायब. नायक टॉमी व्हर्सेटीला ‘गुडफेलाज’वाल्या रे लिओटाने आवाज दिला होता, हे कित्येकांना पुढे यूट्यूबवर कळलं. तोवर टॉमी आपल्यासाठी फुलाफुलांच्या निळ्या शर्टातला एक मुका माणूस होता, ज्याला गोष्ट वगैरे नव्हती, फक्त मोटरसायकल होती.

हा गेम मुळात जीटीए ३ ची छोटी पुरवणी म्हणून सुरू झाला होता आणि जेमतेम वर्षभरात उभा राहिला. घाई लपवायला सिनेमाप्रेम कामी आलं. टॉमीचा बंगला बघा आणि ‘स्कारफेस’मधला बघा. त्याचा तो घामाघूम, कुरळ्या केसांचा वकील बघा आणि ‘कार्लिटोज वे’मधला शॉन पेन बघा. टॉमीचा साथीदार लान्स याचा आवाज तर खुद्द ‘मायामी व्हाइस’ मालिकेतल्या फिलिप मायकेल टॉमसचा. उचलेगिरी इतक्या प्रेमाने केलेली की तक्रार करावीशी वाटत नाही.

चीट कोड आठवा. पँझर लिहिलं की आकाशातून रणगाडा, ॲस्पिरिन लिहिलं की तब्येत ठणठणीत, लीव्ह मी अलोन लिहिलं की पोलीस घरी. इंग्रजी माध्यम असो की जिल्हा परिषदेची शाळा, हे स्पेलिंग कुणाचं चुकलं नाही. पीसी आवृत्तीत आणखी एक खुबी होती: गेमच्या फोल्डरात ‘एमपी३’ नावाचा एक फोल्डर असायचा, त्यात आपली गाणी टाकली की ती गाडीच्या रेडिओवर वाजत. मायामीवर बेतलेल्या किनाऱ्यावर हिमेश रेशमियाच्या गाण्यावर पळणारी गाडी हॉलीवूडला सुचली नसती. पुढे मॉड (गेममध्ये हौशी फेरफार) करणाऱ्यांनी रिक्षा आणल्या, पाट्या बदलल्या, मुंबईच्या आणि अमृतसरच्या नावाने सीड्या विकल्या. रॉकस्टारचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

हेलिपॅडवरून एका इमारतीच्या खिडकीत नेमकी उडी मारली तर आत एका खोलीत ईस्टरचं चॉकलेटी अंडं ठेवलेलं आहे. लपवलेल्या गमतीला इंग्रजीत ‘ईस्टर एग’ म्हणतात, तर यांनी खरंच अंडं ठेवलं. सॅन अँड्रियासमध्ये याचा पुढचा अंक: तिथल्या मोठ्या लाल पुलाच्या टोकावर जिवावर उदार होऊन पोचलात तर पाटी दिसते, की इथे वर काही लपवलेलं नाही, चालते व्हा.

गरम कॉफीची गोष्ट

सॅन अँड्रियास, २००४. तीन शहरं, वाळवंट, जंगल, व्यायामशाळा, केशकर्तनालय. प्लेस्टेशन २ वरचा सर्वाधिक विकला गेलेला गेम. इथले चीट कोड मात्र व्हाइस सिटीसारखे सरळ शब्द नव्हते. हेसोयाम म्हणजे काय, कुणालाच माहीत नाही, पण टाइप केलं की अडीच लाख डॉलर, चिलखत आणि तब्येत. गंमत अशी की गेममध्ये शब्द साठवलेलाच नाही, त्या अक्षरांवरून काढलेला एक आकडा साठवलेला आहे. तोच आकडा देणारी दुसरी कुठलीही निरर्थक अक्षरं चालतात.

तीन शहरांतलं सॅन फिएरो हे सॅन फ्रान्सिस्को असलं तरी घडवणारी माणसं स्कॉटलंडमधल्या एडिंबराची होती. तिथला एक रेल्वेचा लाल पूल एडिंबराजवळच्या फोर्थ ब्रिजची नक्कल आहे आणि कॅल्टन हाइट्स हे नाव एडिंबराच्या कॅल्टन हिलवरून आलेलं दिसतं. घरची आठवण कुणाला येत नाही!

मग २००५ मध्ये भानगड झाली. नायक आणि त्याच्या मैत्रिणीचा एक शृंगारिक भाग कंपनीने गेममधून काढायचं ठरवलं, पण काढला नाही, नुसता कुलूपबंद केला. नेदरलँड्सच्या एका हौशी प्रोग्रॅमरला किल्ली सापडली. मैत्रीण ‘आत येऊन कॉफी घेणार का’ विचारते, त्यावरून प्रकरणाचं नाव पडलं ‘हॉट कॉफी’. गेमचं मानांकन ‘फक्त प्रौढांसाठी’ झालं, दुकानांनी तो शेल्फवरून उतरवला, सेनेटर हिलरी क्लिंटन यांनी चौकशीची मागणी केली. न्यूयॉर्कच्या ८५ वर्षांच्या एका आजींनी कंपनीवर दावाच ठोकला. त्यांनी तो गेम चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन दिला होता. वेष्टनावर आधीपासूनच ‘सतरा वर्षांवरील’ असं छापलेलं होतं, तो भाग सोयीने बाजूला राहिला.

रॉकस्टारने उत्तर दिलं ते २००८ मध्ये, जीटीए ४ मधून. तिथल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या हातात मशाल नाही, वाफाळत्या कॉफीचा पेला आहे. चेहरा हिलरी क्लिंटनसारखा आहे असं चाहते म्हणतात, कंपनी गप्प आहे. हेलिकॉप्टरने वर जाऊन पुतळ्याच्या आत शिरलात तर तिथे साखळ्यांनी टांगलेलं प्रचंड हृदय धडधडताना दिसतं. का, ते विचारू नका.

मधली लेकरं

जीटीएच्या आरड्याओरड्यात झाकले गेलेले रॉकस्टारचे गेम माझ्या जास्त लाडके आहेत. गोळीबार, खून, दंगे यांसाठी बदनाम असलेल्या या कंपनीने २००६ मध्ये काय काढलं असेल? टेबल टेनिस. खरंच, नुसतं टेबल टेनिस. ना बंदूक, ना गाडी. एक टेबल, दोन बॅट आणि प्रेक्षकांची कुजबुज. यामागे हिशेब होता. सॅन डिएगोच्या स्टुडिओत नवं गेम इंजिन तयार होत होतं आणि ते आधी छोट्या जागेत चालवून बघायचं होतं. त्याच इंजिनवर पुढे जीटीए ४, रेड डेड, जीटीए ५ उभे राहिले. पण हिशेब बाजूला ठेवा, गेमच इतका नेटका होता की तेवढ्यासाठी तो आठवावा.

त्याच वर्षी ‘बुली’. निवासी शाळा, खोडकर जिमी, बंदुकीऐवजी बेचकी, खुनाऐवजी गृहपाठ. तास चुकवला तर शाळेचे पहारेकरी मागे लागतात. नाव ऐकूनच ब्रिटनमध्ये गहजब झाला, म्हणून तिकडे तो ‘कॅनिस कॅनेम एडिट’ या लॅटिन नावाने विकला गेला. खेळून बघितलं तर जिमी दांडगटांना वठणीवर आणणारा निघतो. टीका करणाऱ्यांनी गेम उघडला असता तर बरं झालं असतं.

‘एल. ए. नॉयर’ (२०११) मध्ये नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपले, जेणेकरून साक्षीदार खोटं बोलतोय का ते चेहऱ्यावरून ओळखता यावं. तरी पोलीस डिटेक्टिव्ह कोल फेल्प्स ‘शंका’ बटण दाबताच म्हाताऱ्या बायकांवरही खेकसतो आणि खेळाडू चाट पडतो. कारण असं की चित्रीकरणाच्या वेळी त्या पर्यायाचं नाव ‘दरडावा’ या अर्थाचं होतं. नंतर बटणाचं नाव सौम्य केलं, नटाचा आवाज तसाच राहिला.

चोरांच्या वाटा

आता जे सांगणार आहे ते ऐकून फुटपाथवरच्या सीडीवाल्यांना अभिमान वाटेल. ‘मॅक्स पेन २’ ऑनलाइन दुकानात अधिकृतपणे विकायला ठेवला, तेव्हा २०१० मध्ये कुणीतरी त्याची फाइल उघडून बघितली. आत एका चाच्यांच्या टोळीची सही! डिस्क घातल्याशिवाय गेम चालू नये म्हणून घातलेलं कुलूप रॉकस्टारने स्वतः काढण्याऐवजी चाच्यांनी फोडलेली फाइलच विकायला ठेवली होती. ‘मॅनहंट’ या गेममध्येही दुसऱ्या टोळीचा असाच ठसा सापडला. ज्यांनी चोरलं त्यांचाच माल दुकानात, आणि तोही पैसे देऊन घ्यायचा.

जीटीए ५ चं म्हणाल तर तो २०१३ मध्ये आला, तीन दिवसांत १०० कोटी डॉलरचा धंदा केला आणि आजवर २१ कोटींहून अधिक प्रती खपल्या. एवढा पैसा असूनही त्याचा ऑनलाइन भाग सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागत. लोक चहा करून यायचे. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने मूळ शोधलं: दुकानातल्या वस्तूंची ६३ हजार नोंदींची यादी गेम अशा रीतीने वाचत होता, की किराण्याच्या यादीतला एक जिन्नस घेतला की उरलेली सगळी यादी शेवटपर्यंत मोजायची, मग दुसरा जिन्नस, पुन्हा सगळी मोजणी. त्याने ते दुरुस्त केलं, वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. आठ वर्षं एवढ्या लोकांचा जो वेळ गेला त्याचं बिल कुणी लावलं नाही.

आणि जुन्या तीन गेमची २०२१ मधली नवी आवृत्ती? जितकं कमी बोलावं तितकं बरं. एका डोनटच्या दुकानावर षट्कोनी नट बसवलेला होता, ‘टफ नट’ या नावावरचा साधा विनोद. चित्रं आपोआप गुळगुळीत करताना त्याचे कोपरे घासले गेले आणि नटाचा गोल चकतीसारखा काहीतरी प्रकार झाला. विनोद मेला, दुकान उरलं.

घोडा आणि थंडी

‘रेड डेड रिव्हॉल्व्हर’ मूळचा जपानच्या कॅपकॉमचा. त्यांनी तो सोडून दिला, रॉकस्टारने उचलून २००४ मध्ये पुरा केला. त्या टाकाऊतून २०१८ मध्ये उगवला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. डॅन हाउजर यांनी सांगितलेले आकडे छाती दडपवणारे आहेत: सुमारे १,२०० कलाकार, त्यांतल्या ७०० जणांना संवाद, एकूण पाच लाख वाक्यं. नायकाची दाढी वाढते, कपड्यांवरचा चिखल वाळतो, न खाल्ल्यास तो रोडावतो. आणि एवढ्या सगळ्यातून जगभर बातमी कशाची झाली? बर्फात गेलं की घोड्याचे वृषण आक्रसतात याची. कुणीतरी पगार घेऊन हे काम केलं आहे. माझ्या मते हा गेम कंपनीची सर्वोत्तम कामगिरी आहे, आणि ती घोड्यामुळे नव्हे, नायक आर्थर मॉर्गनच्या खोकल्यामुळे. खेळलेल्यांना कळेल.

अशा पसाऱ्यात भारतीय हातही आहेत. बंगळुरूची ध्रुव इंटरॲक्टिव्ह, १९९७ मध्ये सुरू झालेली, आपल्याकडच्या सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी एक. २०१९ मध्ये रॉकस्टारने ती ७९ लाख डॉलरना घेतली आणि आपल्या बंगळुरूच्या स्टुडिओत मिसळून टाकली. ज्या देशात गेम छाटलेल्या सीडीवर पोचला तिथेच आता त्याचे भाग घडतात.

पुढे काय?

जीटीए ६. दुसरं आहे काय! लिओनिडा नावाचं राज्य, म्हणजे फ्लोरिडा. त्यात पुन्हा व्हाइस सिटी, या वेळी आजच्या काळातली. जेसन आणि लुसिया ही जोडी. दलदल, मगरी, बेटं. पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ ला यायचा होता, आदल्या दिवशी फुटला, म्हणून कंपनीने वैतागून लगेच सोडून दिला. त्याआधी २०२२ मध्ये तर अपुऱ्या गेमचे ९० व्हिडिओ चोरीला गेले. करणारा सतरा वर्षांचा पोरगा, तोही जामिनावर, पोलिसांनी एका हॉटेलात ठेवलेला, लॅपटॉप जप्त झालेला. त्याने खोलीतला टीव्ही, ॲमेझॉनची फायर स्टिक आणि एक मोबाईल एवढ्यावर काम उरकलं. जीटीएमध्ये असं मिशन असतं तर आपण ‘काहीही दाखवतात’ म्हटलं असतं.

तारीख आधी २०२५ ची होती, मग २६ मे २०२६, आणि त्यानंतर जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६. जीटीए ५ आला त्या वर्षी जन्मलेलं पोर आता आठवीत आहे आणि प्रौढांसाठीचा हा गेम नियमाने त्याला आणखी पाच वर्षं खेळता येणार नाही.

त्याखेरीज मॅक्स पेनचे पहिले दोन भाग नव्याने बनत आहेत. काम मूळ भाग बनवणाऱ्या फिनलंडच्या रेमेडीकडे, पैसा रॉकस्टारचा. पहिल्या भागात मॅक्सचा चेहरा म्हणून लेखक सॅम लेक स्वतः उभा राहिला होता आणि खलनायिका म्हणून त्याची आई, कारण नटांना द्यायला पैसे नव्हते. या वेळी पैशांची ददात नाही. तो आंबट, ताणलेला चेहरा टिकतो का ते बघायचं.

२००९ मध्ये जाहीर झालेला शीतयुद्धातला हेरपट ‘एजंट’ मात्र विसरा. कंपनीने त्याच्या नावावरचा हक्कही सोडून दिला आणि वेबसाइटवरून पानही काढलं. बुलीचा दुसरा भाग नाही, मिडनाइट क्लबच्या शर्यती २००८ नंतर नाहीत. २००१ ते २०१३ या काळात ही कंपनी जवळपास दरवर्षी काहीतरी नवं द्यायची, कधी दोन-तीन. २०१३ नंतर पूर्णपणे नवा असा एकच, रेड डेड २. जीटीए ६ खपणारच, त्याला माझ्या शुभेच्छांची गरज नाही. पण त्यातल्या नफ्याचा एखादा टक्का कुणीतरी पुन्हा टेबल टेनिसवर उधळावा. घाईत केलेल्या लहान गेममध्येच त्यांच्या हातून चांगल्या चुका व्हायच्या.

जाता जाता एक कामाचं. जीटीए ६ फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झाला आहे. मोबाईलसाठी तो जाहीर झालेलाच नाही. ‘जीटीए ६ मोबाईल, फुकट डाउनलोड’ म्हणून यूट्यूबखाली आणि टेलिग्रामवर फिरणारी प्रत्येक लिंक खोटी आहे. पूर्वी छाटलेल्या सीडीत फार तर रेडिओ गायब असायचा, या लिंकने बँकेतले पैसे गायब होऊ शकतात. घरातल्या पोरांचे फोन एकदा तपासा आणि सापडली तर ती फाइल आजच उडवा.